साथ, मजुरी आणि मुकादम : 1896 ते 2020

साथीत माणसं शहर सोडतात तेव्हा उरलेल्यांची मजुरी वाढते, असं म्हणतात. पण त्यासाठी काम चालू असावं लागतं.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक गावी निघाले. गिरण्यांत पगार महिन्याचा, तोही उशिरा. थकलेल्या पैशापायी कामगार जागेवर राही. आता मागांचे धोटे थांबायची वेळ आली, तशी मालकांनी रोजच्या रोज मजुरी देऊ केली आणि नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागली. ते टिकलं नाही. 1920च्या दशकातही पगार महिन्याचाच होता.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. त्यात तपासणी आहे, अलगीकरण आहे; मजुरीबद्दल अवाक्षर नाही. हाच कायदा 2020 मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा लागू झाला. फरक एवढाच की या वेळी टाळेबंदीनं कामच बंद केलं, त्यामुळे निघून जाणाऱ्याच्या हातात घासाघीस करायला काही उरलं नाही. पूर्ण वेतन द्या, असा केंद्राचा 29 मार्चचा आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला.

खरी गोची नोंदीची होती. 1979च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानुसार पाच किंवा अधिक परप्रांतीय कामगार असले की ठेकेदाराला परवाना, कामगाराला फोटोचं पासबुक आणि प्रवासभत्ता बंधनकारक होता. व्यवहारात मुकादम परवाना काढतच नसे. मूळ मालकाच्या हजेरीपटावर नाव नसे. बीडहून सांगली-कोल्हापूरला जाणारा ऊसतोड कामगार तर राज्यातलाच, म्हणून कायद्याबाहेर.

सरकारनं संसदेत सांगितलेला, टाळेबंदीत गावी परतलेल्यांचा आकडा सुमारे 1 कोटी 4 लाख. त्यानंतरचे आकडे जपून वाचावेत. श्रमशक्ती सर्वेक्षणात बेरोजगारी 2018-19 मधल्या 5.8 टक्क्यांवरून 2020-21 मध्ये 4.2 वर आली, आणि शेतीतल्या रोजगाराचा वाटा 42.5 वरून 46.5 टक्क्यांवर गेला. घरच्या रानात बिनपगारी राबणाराही या मोजणीत रोजगारातच धरला जातो. मनरेगा या ग्रामीण रोजगार हमी योजनेनं 2020-21 मध्ये सुमारे 389 कोटी मनुष्यदिवस काम दिलं.

ऑगस्ट 2021 मध्ये असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली. नव्या श्रमसंहितेत स्वतःहून परराज्यात गेलेला कामगारही स्थलांतरित धरला आहे, मात्र पाचाची मर्यादा दहा झाली. आठ गवंडी घेऊन फिरणारा ठेकेदार त्यातून सुटतो.