चूळ भरून श्वास घेणारं कासव

डोक्यावर हिरवे केस असलेल्या कासवाचा फोटो पुन्हा फिरतोय, ‘ढुंगणातून श्वास घेणारं कासव’ म्हणून. ते केस म्हणजे शेवाळ आणि ते कासव ऑस्ट्रेलियातल्या मेरी नदीचं. या विद्येतलं खरं उस्ताद तिथल्याच क्वीन्सलँड राज्यात, फिट्झरॉय नदीच्या खोऱ्यात राहतं : ऱ्हिओडायटिस ल्यूकॉप्स. १९८० साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. आज ते ‘असुरक्षित’ प्रजातींत मोडतं.

‘ढुंगण’ हा शब्दही तसा चुकीचाच. कासवाचं आतडं, मूत्रमार्ग आणि जननमार्ग एकाच कोष्ठात उघडतात, तो अवस्कर. त्याच्या दोन बाजूंना दोन मोठ्या पिशव्या असतात. आतून बोटांसारखे, पुन्हा पुन्हा फाटे फुटलेले उंचवटे, त्यांवर पातळ त्वचा आणि त्वचेखाली केशवाहिन्यांचं दाट जाळं. स्नायूंच्या जोरावर पिशवी पाणी आत ओढते, बाहेर टाकते. चूळ भरावी तसं, मिनिटाला अनेकदा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम ६. म्हणून एवढा पृष्ठभाग लागतो. ऑक्सिजन रक्तात शिरतो तो केवळ आंशिक दाबातल्या, म्हणजे एकट्या ऑक्सिजनच्या दाबातल्या, फरकामुळे. पाण्यातल्या ऑक्सिजनचा दाब रक्तातल्यापेक्षा जास्त असेल तोवरच. खळाळत्या पाण्यात तो असतो. काही कासवं गरजेच्या ७० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन अशी मिळवतात आणि कित्येक दिवस वर येत नाहीत. फुफ्फुसं आहेतच, योगसिद्धी वगैरे काही नाही!

धरणाच्या फुगवट्यात पाणी थांबतं, तळाशी ऑक्सिजन घटतो, दाबातला फरक पुसला जातो. मग कासवाला हवेसाठी सारखं वर यावं लागतं. पोहण्यात शक्ती जाते, पिल्लं माशांच्या तोंडी पडतात. या खोऱ्यात रूकवुड बंधारा २०२३ मध्ये पूर्ण झाला.

दुसरं संकट काठावर. मादी वीतभरही खोल नसलेल्या खड्ड्यात अंडी घालते. कोल्हे, रानडुकरं आणि घोरपडी जवळजवळ सगळी घरटी उकरतात, उरलेली गुरं तुडवतात. उपाय साधा : घरट्यावर जाळी अंथरून कडा खुंट्यांनी घट्ट करायच्या. छिद्रं पिल्लू निसटेल एवढी, कोल्ह्याचं तोंड शिरणार नाही एवढी. आणि अंडी हलवावीच लागली, तर आधी वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करायची. घातल्यावर दिवसभरात भ्रूण कवचाला आतून चिकटू लागतो; नंतर अंडं उलटलं की तो मरतो.