थॅलेट प्लास्टिसायझर

थॅलेट प्लास्टिसायझर : थॅलिक अम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून बनणारी एस्टर संयुगे. ती बहुतेक रंगहीन, जवळजवळ गंधहीन आणि तेलासारखी दाट द्रवरूप असतात. मुळात कडक असलेले पीव्हीसी (पॉलिव्हिनाइल क्लोराइड हे प्लास्टिक) मऊ आणि लवचिक करण्यासाठी ती त्यात मिसळतात. काही कृत्रिम रबरांतही वापरतात. वायरीवरचे आवरण, पाण्याची नळी, रेनकोट, रेक्झिन, फरशीवर अंथरायचे व्हिनाइल, रक्ताची पिशवी या वस्तूंचा मऊपणा गेली अनेक दशके प्रामुख्याने त्यांच्याकडून आलेला आहे. मऊ पीव्हीसीत त्यांचे प्रमाण चिमूटभर नसते. वस्तूच्या वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, हे तेलच असते.

या द्रवाचा स्वभाव कंपासपेटीत दिसतो. व्हिनाइलचा, म्हणजे मऊ पीव्हीसीचा, खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीवर काही महिने पडून राहिला, तर तो तिला चिकटतो आणि सुटताना तिच्यावर खळगा ठेवून जातो. खोडरबरातले प्लास्टिसायझर पट्टीच्या पॉलिस्टायरीनमध्ये शिरून तिला मऊ करते, म्हणून हे घडते. अशा खोडरबराभोवतीचे कागदी वेष्टन शोभेपुरते नसते, ते हा संपर्कही टाळते. थॅलेट पीव्हीसीच्या साखळीला रासायनिक बंधाने जोडलेले नसते, नुसते तिच्या शेजारी राहते. त्याची उपयुक्तता आणि त्याच्याविषयीच्या सगळ्या तक्रारी या एकाच गोष्टीतून निघतात.

नाव आणि गल्लत : फ्रेंच रसायनज्ञ ओग्युस्त लोराँ यांनी १८३६ मध्ये नॅफ्थलीनपासून थॅलिक अम्ल मिळवले. त्याचे आजचे नावही 'नॅफ्थलीन' या शब्दाचा पुढचा भाग छाटून तयार झाले आहे. (नॅफ्थलीन म्हणजे डांबरगोळ्यांतला पदार्थ.) त्यामुळे मूळ लेखनात 'फ्थ' असा अवघड जोड येतो आणि उच्चारात त्यातला 'फ' गळतो, मराठीत थॅलेट आणि फ्थॅलेट अशी दोन्ही रूपे आढळतात. नावावरून होणारी एक गल्लत मात्र दूर करायला हवी. पाण्याच्या बाटल्यांचे 'पेट' म्हणजे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट. तिथे टेरेफ्थॅलेट हा बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळीतला पक्का दुवा असतो, त्याचा प्लास्टिसायझरशी संबंध नाही आणि पेटला मऊ करण्याची गरजही नसते. तसेच घरबांधणीतल्या कडक पीव्हीसी पाइपातही थॅलेट घालत नाहीत. पॉलिथीन आणि पॉलिप्रोपिलीन यांच्यात ते नीट मिसळतच नाही. 'प्लास्टिक म्हटले की थॅलेट' ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. सर्व प्रकारच्या प्लास्टिसायझरांपैकी साधारण ८० ते ९० टक्के एकट्या पीव्हीसीत जातात.

रचना आणि निर्मिती : थॅलेटच्या रेणूत बेंझीनच्या कड्याला लागून असलेल्या दोन कोपऱ्यांवर एकेक एस्टर गट असतो आणि प्रत्येक गटाला अल्कोहोलकडून आलेली कार्बनची शेपटी असते. शेपटी बदलली की पदार्थ बदलतो. मिथाइल आणि एथिल यांच्या आखूड शेपट्यांचे डीएमपी व डीईपी हे तुलनेने लवकर उडणारे द्रव. डीएमपी कीटकांना दूर ठेवण्यासाठी, तर डीईपी अत्तरात सुगंध टिकवण्यासाठी वापरले गेले. ब्युटाइलचे डीबीपी नेलपॉलिशात आणि गोंदांत असे. आठ कार्बनांच्या फांदीदार शेपट्यांचे डीईएचपी (व्यापारातले नाव डीओपी) हे या कुळातले सर्वांत गाजलेले संयुग. त्याचे सूत्र सी२४एच३८ओ४ आणि रेणुभार सुमारे ३९०. नऊ कार्बनांचे डीआयएनपी आणि दहा कार्बनांचे डीआयडीपी त्याहून जड, त्यामुळे कमी उडणारे आणि कमी पाझरणारे.

निर्मितीची सुरुवात थॅलिक अॅनहायड्राइडपासून, म्हणजे थॅलिक अम्लातून पाणी काढलेल्या रूपापासून, होते. पूर्वी ते नॅफ्थलीनपासून बनवत, आता मुख्यतः ऑर्थो-झायलीनची वाफ हवेसह व्हॅनेडियम ऑक्साइडच्या उत्प्रेरकावरून नेऊन बनवतात. ही बाष्परूप पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात पुढे आली. त्याआधीची एक हकीकत रसायनाच्या इतिहासात आवडीने सांगितली जाते : जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत कृत्रिम निळीसाठी नॅफ्थलीन आणि गंधकाम्ल तापवत असताना तापमापी फुटली, पारा मिश्रणात सांडला आणि रेंगाळलेली अभिक्रिया वेगाने धावू लागली. अॅनहायड्राइड हाती आले की पुढचे काम सोपे. ते अल्कोहोलबरोबर उत्प्रेरकासह तापवायचे, निघणारे पाणी सतत काढून टाकायचे, उरलेले अल्कोहोल परत मिळवायचे. डीओपीसाठी लागणारे २-एथिलहेक्झॅनॉल प्रोपिलीनपासून मिळते. हा स्वस्त, प्रचंड प्रमाणावर चालणारा पेट्रोरसायन उद्योग आहे, आणि थॅलेटांचे साम्राज्य बऱ्याच अंशी या स्वस्ताईवर उभे राहिले.

मऊपणा येतो कसा : शुद्ध पीव्हीसी सुमारे ८० अंश सेल्सियसच्या खाली काचेसारखे ताठ असते. क्लोरीनमुळे त्याच्या साखळ्यांत विद्युतभाराचे ध्रुव तयार होतात आणि साखळ्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. तापवलेल्या मिश्रणात थॅलेटचे रेणू त्यांच्या मधे शिरतात. एस्टर गट आणि बेंझीनचे कडे पीव्हीसीच्या ध्रुवांशी जवळीक साधतात, तर लांब शेपट्या साखळ्यांना अंतरावर ठेवतात. साखळ्यांना हलायला जागा मिळते, काचेसारखे होण्याचे तापमान शून्याच्याही खाली उतरते आणि नेहमीच्या हवेत वस्तू वाकू लागते. याचे स्पष्टीकरण कोणी वंगणाच्या उपमेने दिले, कोणी सैल झालेल्या जाळ्याच्या, तर कोणी साखळ्यांमधल्या मोकळ्या जागेच्या. आज मोकळ्या जागेच्या सिद्धांताला अधिक वजन आहे, पण कारखान्यात वंगणाची उपमाच चालते आणि तिने फारसे बिघडत नाही.

एक गंमत मात्र वंगणाच्या उपमेत बसत नाही. अगदी थोडे प्लास्टिसायझर घातले, तर पीव्हीसी मऊ होण्याऐवजी आणखी ताठ आणि ठिसूळ होते. साखळ्यांना जेमतेम हालचाल मिळते आणि तेवढ्यावर त्या अधिक व्यवस्थित रचून बसतात. प्रमाण पुरेसे वाढल्यावरच खरा मऊपणा सुरू होतो.

प्रमाण नेहमी शंभर भाग रेझिनमागे (म्हणजे कच्च्या पीव्हीसीमागे) मोजतात. ५० ते ५५ भाग डीओपी घातले, तर शोअर ए या मापावर (मऊ पदार्थांचा कडकपणा मोजण्याची शून्य ते शंभरची पट्टी) कडकपणा ८० च्या आसपास येतो. तोच मऊपणा आणायला डीआयएनपी साधारण सहा टक्के आणि डीआयडीपी दहा टक्के जास्त लागते. शेपटी लांबली की टिकाऊपणा वाढतो, पण मऊ करण्याची ताकद थोडी घटते. प्लास्टिसायझर निवडणाऱ्याचा अर्धा वेळ याच देवाणघेवाणीत जातो.

मिसळण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत रेझिनची सच्छिद्र पूड गरम मिक्सरमध्ये तेल शोषून घेते आणि कोरडीच दिसते. मग ती एक्स्ट्रुडरमधून (वितळवून साच्याच्या तोंडातून दाबणाऱ्या यंत्रातून) वायरीचे आवरण किंवा नळी म्हणून बाहेर पडते. दुसरीत बारीक रेझिन तेलात कालवून लापशीसारखे प्लास्टिसॉल करतात. ते कापडावर पसरून, साच्यात फिरवून किंवा साचा त्यात बुडवून १६० ते २०० अंशांपर्यंत तापवले की एकजीव होते. रेक्झिन, पोकळ बाहुल्या, व्हिनाइलचे हातमोजे असे बनतात.

कापरापासून सुरुवात : मऊ करणारा पदार्थ मिसळण्याची कल्पना थॅलेटांहून जुनी आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून सेल्युलॉइड बनवले; त्यात कापूर हाच प्लास्टिसायझर होता. तो उडून जाई आणि वास सोडी. १९२० च्या दशकात थॅलेट एस्टर त्याची जागा घेऊ लागली. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीतले वाल्डो सेमन रबर आणि धातू एकमेकांना चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्यासाठी त्यांनी त्या काळी निरुपयोगी मानले गेलेले पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या द्रवांत तापवले. हवा तो चिकटपणा मिळाला नाही, पण थंड झाल्यावर रबरासारखा उसळणारा गोळा हाती आला. मऊ पीव्हीसीचा उद्योग तिथून सुरू झाला. पुढच्या दशकात डीओपी आले आणि बराच काळ तेच प्रमाण मानले गेले.

रबरात : व्हल्कनीकरण केलेले (गंधकासारख्या पदार्थाने पक्के केलेले) रबर मुळातच लवचिक असते, मग त्याला प्लास्टिसायझर कशाला? एक तर कच्चे रबर आणि काजळी मिक्सरमध्ये किंवा दोन रोलच्या मिलवर मळताना ते मिश्रण सैल करते. दुसरे, कडाक्याच्या थंडीत रबर ताठ होऊ नये म्हणून. कोणत्या रबरात काय चालेल हे मात्र जातीवर ठरते. नैसर्गिक रबर आणि एसबीआर, ईपीडीएम ही कृत्रिम रबरे, ही सगळी हायड्रोकार्बनची रबरे. त्यांत खनिज तेले मुरतात. ध्रुवीय असलेल्या नायट्राइल आणि निओप्रीन रबरात ती तेले नीट टिकत नाहीत, तिथे थॅलेट उपयोगी पडते. नायट्राइलमध्ये अॅक्रिलोनायट्राइल हा घटक जितका जास्त, तितके ते इंधनाला कमी दाद देते, पण थंडीत तितकेच लवकर ताठरते. ही उणीव डीओपी किंवा डीबीपी घालून भरून काढतात, आणि फार थंडीसाठी अॅडिपेट किंवा सेबॅकेट एस्टर पसंत करतात.

इथेही न जोडलेपण आडवे येते. नायट्राइलच्या इंधननळीतून वाहणारे इंधन प्लास्टिसायझर धुऊन नेते आणि त्याची जागा स्वतः घेते, त्यामुळे चालू यंत्रात नळी ठीक वाटते. यंत्र बराच काळ बंद राहिले की इंधन उडून जाते, नळी आकसते, सांध्यावर गळते किंवा तडकते. नायट्राइल आणि पीव्हीसी यांचे मिश्रणही बरेच वापरात आहे. त्यातल्या दोन्ही घटकांना थॅलेट मानवते.

रक्ताच्या पिशवीतला पेच : १९५० च्या सुमारास काचेच्या बाटलीऐवजी मऊ पीव्हीसीची पिशवी रक्तासाठी पुढे आली. ती फुटत नाही, गोठवता येते आणि एकाच नळीजोडणीने रक्ताचे घटक वेगळे करता येतात. १९७० मध्ये जेगर आणि रुबिन या संशोधकांनी पिशवीतले प्लास्टिसायझर साठवलेल्या रक्तात उतरते हे दाखवून दिले. रक्तातील मेद आणि प्रथिने त्याला ओढून घेतात. पण पुढे असेही दिसले की हेच डीईएचपी तांबड्या पेशींच्या आवरणाला बळ देते आणि साठवणीत पेशी फुटण्याचे प्रमाण कमी करते. योग्य द्रावणात तांबड्या पेशी ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात, त्यात पिशवीच्या या अनपेक्षित मदतीचाही वाटा आहे. डीईएचपी काढून टाकायचे तर हा गुणही दुसऱ्या कशाने तरी भरून काढावा लागतो. या कुळाविषयी सरसकट निकाल देणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी तपासून पाहावे.

आरोग्य : डीईएचपी शरीरात साठून राहत नाही. आतड्यातच त्याची एक शेपटी तुटते, पुढचे पदार्थ बहुतांशी दिवसा-दोन दिवसांत लघवीवाटे जातात. अडचण अशी की ते रोज नव्याने येत राहते, मुख्यतः अन्नातून, विशेषतः स्निग्ध पदार्थांतून, आणि घरातल्या धुळीतून. म्हणून थॅलेटांचा संपर्क मोजायला लघवीतले हे अवशेष तपासतात.

गर्भावस्थेत काही थॅलेट मिळालेल्या नर उंदीरजातीच्या प्राण्यांत टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटते, वृषणे खाली उतरत नाहीत, जननेंद्रियांत दोष राहतात. हा परिणाम शेपटीच्या लांबीवर अवलंबून आहे : डीबीपी, डीईएचपी यांच्यासारख्या मधल्या लांबीच्या थॅलेटांत तो ठळक, डीआयएनपीत सौम्य, तर डीएमपी, डीईपी आणि डीआयडीपी यांत तसा आढळत नाही. म्हणजे 'थॅलेट' हा एकच गुन्हेगार नव्हे. माणसांतले अभ्यास संबंध दाखवतात, पण माणूस एकाच वेळी अनेक रसायनांच्या संपर्कात असल्याने कार्यकारणभाव सिद्ध करणे अवघड जाते. कर्करोगाबाबत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये डीईएचपी 'माणसात कर्करोगाची शक्यता' या २बी गटात ठेवले. सर्वांत जपावे लागते ते अतिदक्षता विभागातल्या नवजात बालकांना : लहानसा देह आणि त्याला जोडलेल्या अनेक मऊ नळ्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये याच गटासाठी पर्यायी साधने वापरण्याचा सल्ला दिला.

तैवानमधले २०११ चे प्रकरण याहून वेगळे. तिथे पेयांना गढूळपणा देणाऱ्या पदार्थात पाम तेलाऐवजी स्वस्त डीईएचपी घातल्याचे उघड झाले. ती पाझरण्याची गोष्ट नव्हती, सरळ भेसळ होती.

निर्बंध : सुरुवात मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांपासून झाली. युरोपीय संघाने १९९९ मध्ये तात्पुरती बंदी घातली. जानेवारी २००७ पासून खेळणी आणि बालसंगोपनाच्या वस्तूंत डीईएचपी, डीबीपी आणि बीबीपी (ब्युटाइल बेंझिल थॅलेट) ०.१ टक्क्याहून अधिक असण्यास कायमची मनाई झाली. डीआयएनपी, डीआयडीपी आणि डीएनओपी (आठ कार्बनांच्या सरळ शेपट्यांचे थॅलेट) यांवर ही मनाई तोंडात घालता येणाऱ्या वस्तूंपुरती. अमेरिकेने २००८ च्या कायद्यात तीच मर्यादा घेतली. युरोपात विद्युत उपकरणांना २०१९ पासून आणि बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंना जुलै २०२० पासून चार थॅलेटांसाठी हाच आकडा लागू आहे. ०.१ टक्के हे प्रमाण मऊपणा आणण्याच्या दृष्टीने शून्यच, त्यामुळे ही मर्यादा म्हणजे व्यवहारात बंदीच.

पर्याय : सर्वांत सरळ पर्याय डीओटीपी. सूत्र डीओपीचेच, फक्त दोन शेपट्या कड्याच्या शेजारच्या कोपऱ्यांवर नसून समोरासमोर. एवढ्या फरकाने नर संप्रेरकांवरचा परिणाम नाहीसा होतो. बीएएसएफने २००२ मध्ये आणलेल्या डिंच या द्रवात कड्याला हायड्रोजन देऊन त्याचे बेंझीनपण काढून टाकले आहे. तो खेळणी आणि वैद्यकीय नळ्यांत चालतो. यांखेरीज सायट्रेट एस्टर, तापणाऱ्या वायरींसाठी ट्रायमेलिटेट, थंडीसाठी अॅडिपेट आणि जोडीला एपॉक्सी केलेले सोयाबीन तेल. पाझरणे जवळजवळ थांबवायचे तर लांब साखळीचे पॉलिएस्टर प्लास्टिसायझर वापरतात. ते महाग आणि दाट असते.

जुन्या वस्तूंचा प्रश्न मात्र पर्यायांनी सुटत नाही. संग्रहालयांतल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या व्हिनाइल बाहुल्यांना चिकट घाम फुटतो, त्यावर धूळ बसते, आणि तेल निघून गेलेला भाग आकसून कडक होतो. इमारतींतल्या फरश्या आणि वायरींचे आयुष्य दशकांत मोजतात. त्या उखडून पुन्हा वितळवल्या की आज मनाई असलेले डीईएचपी नव्या वस्तूत उतरते, आणि ०.१ टक्क्याची मर्यादा पाळायची की पुनर्वापर वाढवायचा यावर नियामकांचा वाद सुरू होतो.