व्यक्तिरेखा व आशयसूत्र : अभिजात साहित्याचे विश्लेषण

साहित्यकृतीतील पात्रे कशी घडवली आहेत आणि त्यांच्या वागण्या-बोलण्यातून कृतीचा मध्यवर्ती अर्थ कसा उलगडतो, याचा संहितेच्या आधारे घेतलेला शोध. पात्र म्हणजे कथेत वावरणारी व्यक्ती. व्यक्तिरेखा म्हणजे लेखकाने शब्दांतून उभे केलेले तिचे रूप. आशयसूत्र आणि विषय या दोहोंत नेहमी गल्लत होते. मत्सर हा विषय झाला. मत्सराबद्दल कृती काय सुचवते, ते आशयसूत्र. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे सूत्र ‘मत्सर माणसाचा नाश करतो’ असे सांगितले की परीक्षेपुरते काम भागते, पण ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरणारा खलनायक इयागो हातातून निसटतो. डावलली गेलेली बढती, बायकोविषयीचा संशय अशी आपल्या कारस्थानाची कारणे तो अधूनमधून देतो; एकही पुरेसे वाटत नाही, आणि पकडला गेल्यावर तो यापुढे आपण एक शब्दही बोलणार नाही असे सांगून गप्प होतो. ही मुद्दाम राखलेली शांतता ज्या सूत्रात बसत नाही, ते सूत्र अपुरे समजावे.

पात्र आणि सूत्र यांत आधी कोण, हा वाद जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले आणि कथानकाला तिचा आत्मा म्हटले, स्वभावचित्रण त्याच्या मते दुसऱ्या क्रमांकावर. नायकाच्या पतनाला कारण होणाऱ्या चुकीला त्याने ‘हमार्शिया’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ पुढे ‘स्वभावातील दोष’ असा रूढ झाला, तरी मूळ शब्दाचा रोख नेम चुकण्याकडे, अजाणता होणाऱ्या चुकीकडे अधिक आहे. अजाणता बापाला मारणाऱ्या ग्रीक शोकात्मिकेतल्या ईडिपसचा अहंकार शोधत बसणाऱ्या वाचकाने एवढे लक्षात ठेवले तरी बरेच काही बदलते.

भारतीय परंपरेने पात्राकडे रसाच्या, म्हणजे कृतीतून मिळणाऱ्या भावानुभवाच्या, अंगाने पाहिले. नाट्यशास्त्रात धीरोदात्त (उदात्त, संयमी), धीरललित (कलाप्रिय, विलासी), धीरप्रशांत (शांत) व धीरोद्धत (गर्विष्ठ) असे नायकांचे चार प्रकार आणि नायिकांच्या आठ अवस्था येतात. ही वर्गवारी आज साचेबंद वाटते. पण तिचा प्रश्न ‘हे पात्र खऱ्या माणसासारखे आहे का’ हा नसून ‘हे पात्र कोणत्या रसाला पोषक आहे’ हा आहे. सूत्राचा विचारही इथे लवकर झाला. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त महाभारताचा प्रधान रस शांत असल्याचे प्रतिपादन केले. युद्धाने भरलेल्या ग्रंथाचा रस वीर नव्हे तर शांत, हे त्याने शेवटावरून ठरवले : वृष्णी (कृष्णाचे कुळ) आणि पांडव या दोघांचाही अंत विरस करणारा आहे, आणि व्यासांनी तो तसा केला तो वैराग्य उपजावे म्हणून. कृतीचा शेवट पाहून संपूर्ण कृतीचा अर्थ लावण्याची ही पद्धत आजच्या समीक्षेतही नित्याची आहे.

पात्रात आणि सूत्रात एकदम बदल कसा होतो, हे पाहायला शकुंतलेइतके उत्तम उदाहरण नाही. महाभारताच्या आदिपर्वात ती गांधर्वविवाहापूर्वीच आपला पुत्र युवराज होईल अशी अट घालते आणि पुढे भर दरबारात दुष्यंताला परखड शब्दांत सुनावते. दुष्यंताला सारे आठवत असते. तो तिला नाकारतो. आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो आणि लोकांनी शंका घेतली असती म्हणून असे वागलो, असे सांगतो. कालिदासाने आपल्या नाटकात यात विस्मरण घडवणारा दुर्वासांचा शाप आणि ओळखीची अंगठी आणली. आता राजा खोटे बोलत नाही, विसरतो. त्याचे धीरोदात्तपण शाबूत राहते. चूक मात्र नाहीशी होत नाही, जागा बदलते : पतीच्या विचारात हरवलेल्या शकुंतलेकडून दारी आलेल्या ऋषीची उपेक्षा होते, आणि शाप तिला ऐकूही येत नाही, तो ऐकतात तिच्या सख्या. हक्काची कथा अशा रीतीने स्मृतीची कथा बनते. (अट घालणारी शकुंतला जास्त आवडणारे वाचकही पुष्कळ आहेत, आणि ते चूक नाहीत.) ऑथेल्लोने बायकोला दिलेला, इयागोने खोटा पुरावा म्हणून वापरलेला हातरुमाल आणि दुष्यंताची अंगठी शेजारी ठेवून पाहिल्या, तर हरवलेल्या एका वस्तूवर दोन नाटककारांनी केवढा भार टाकला आहे हे दिसते. एकीकडे ती वस्तू नसलेल्या गोष्टीचा पुरावा ठरते, दुसरीकडे असलेल्या गोष्टीचा पुरावा ऐन वेळी सापडत नाही.

विसाव्या शतकात पात्रविचाराची परिभाषा झपाट्याने वाढली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने 1927 मध्ये सपाट (एकाच गुणावर उभ्या) आणि गोलाकार पात्रांचा भेद मांडला. वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते ते गोलाकार पात्र, ही त्याची कसोटी. सपाट म्हणजे फसलेले, असे त्याचे म्हणणे नव्हते, पण पाठ्यपुस्तकांनी तसे करून टाकले. रशियात व्लादिमीर प्रॉपने 1928 मध्ये लोककथांतील पात्रांची नावे आणि स्वभाव बाजूला ठेवून 31 कार्ये, म्हणजे कथेत पुन्हापुन्हा येणारी कृत्ये, नोंदवली. रशियन समीक्षक बाख्तीनने कादंबरीकार दस्तयेव्हस्कीच्या पात्रांना लेखकाच्या ताब्याबाहेरचा, स्वतंत्र आवाज आहे असे म्हटले. स्त्रीवादी समीक्षेने ‘जेन एअर’ या इंग्रजी कादंबरीत माडीवर कोंडलेल्या, नायकाच्या वेड्या ठरवलेल्या पत्नीकडे, बर्था मेसनकडे लक्ष वेधले आणि दुय्यम पात्राकडून मुख्य सूत्राची उलटतपासणी सुरू झाली.

या सगळ्यांत खरा झगडा एकच : पात्राला माणूस मानायचे की शब्दांची रचना? इंग्रज समीक्षक ए. सी. ब्रॅडलीने 1904 च्या आपल्या ग्रंथात शेक्सपिअरच्या पात्रांचा जिवंत माणसांसारखा विचार केला. त्या वृत्तीची थट्टा करत एल. सी. नाइट्सने 1933 मध्ये ‘लेडी मॅकबेथला मुले किती होती?’ असे शीर्षक देऊन निबंध लिहिला. आपण मुलाला दूध पाजले आहे असे लेडी मॅकबेथ म्हणते. ते मूल नाटकात कुठेच दिसत नाही. संहिता जिथे थांबते तिथे वाचकाने थांबावे, हा नाइट्सचा आग्रह रास्त आहे. तरी पूर्ण पाळला, तर वाचन कोरडे पडते. व्यवहारात चांगला समीक्षक पात्राला माणूस समजूनच सुरुवात करतो आणि प्रत्येक निष्कर्षाला ओळ दाखवतो.

ओळ दाखवताना ती कोण बोलते, हेही सांगावे लागते. मयसभेत दुर्योधनाची फजिती झाली तेव्हा द्रौपदी हसली आणि ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ असे म्हणाली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित (अनेक हस्तलिखिते ताडून पाठ ठरवलेल्या) आवृत्तीत हे वाक्य नाही. सभापर्वात निवेदक प्रसंग सांगतो तेव्हा हसणाऱ्यांत भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आहेत. द्रौपदी स्त्रियांसह हसल्याचे पुढे येते ते दुर्योधनाच्या तोंडून, धृतराष्ट्राकडे गाऱ्हाणे करताना. दुखावलेल्या माणसाची ही साक्ष आहे. द्रौपदीच्या स्वभावापेक्षा ती दुर्योधनाविषयी अधिक सांगते. निवेदकावर विश्वास किती ठेवायचा हा प्रश्न कादंबरीत आणखी नाजूक होतो. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ मध्ये सारी हकिकत नायिका यमू स्वतः सांगते. जे तिला लहानपणी कळले नाही आणि आता कळते आहे, त्या दोहोंमधल्या अंतरातून कादंबरीचे सूत्र वर येते. लेखकाला वेगळे भाष्य करावे लागत नाही.

मराठीत महाभारतातील पात्रांच्या विश्लेषणाची समृद्ध परंपरा आहे. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ 1962 मध्ये आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ 1967 मध्ये प्रसिद्ध झाले. कर्वे मानववंशशास्त्रज्ञ, त्या व्यक्तीकडे कुळ, नाते आणि कर्तव्य यांच्या जाळ्यातून पाहतात आणि भीष्माच्या त्यागाची किंमत कोणत्या स्त्रियांनी मोजली हे विचारतात. भागवतांचा कल प्रतिमेकडे आणि भावाशयाकडे आहे. दोघींच्या पुस्तकांत कर्ण आहे, आणि लोकमानसातल्या दानशूर, अन्यायग्रस्त कर्णापेक्षा तो अवघड आहे. द्यूतसभेत द्रौपदीला हीन शब्द वापरणारा तोच. उद्योगपर्वात कृष्णासमोर, दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना कटू बोललो याचा ताप होतो, असे कबूल करणाराही तोच. स्वयंवरात ‘मी सूताला वरणार नाही’ असे द्रौपदी म्हणते ते वचन मात्र चिकित्सित आवृत्तीच्या मूळ पाठातून वगळून तळटीपेत गेले आहे.