बॅकअप हे वेगळं काम कधी झालं?

चुंबकीय टेपच्या काळात बॅकअप मुद्दाम घ्यावा लागत नसे, तो कामातूनच शिल्लक राहायचा. जुन्या टेपवरची खाती आणि दिवसभराचे व्यवहार वाचून रात्री नवी टेप लिहिली जाई. नव्या टेपमध्ये घोळ निघाला, तर कालची टेप लावून तेच काम पुन्हा चालवायचं. आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांच्या टेप जपायची पद्धत यातूनच रुळली.

१९५६ मध्ये आयबीएमने डिस्कवर चालणारा रॅमॅक संगणक आणला. आता नोंद जागच्या जागी बदलता येऊ लागली, पण त्याच क्षणी जुनी नोंद पुसलीही जाऊ लागली. बॅकअपची जबाबदारी माणसावर आली ती इथून, आणि आजच्या बहुतेक दुर्घटनांचं मूळही मला इथेच दिसतं.

यावरचा उपाय लॉगचा, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचा: डेटा बदलण्याआधी तो बदल लॉगमध्ये लिहायचा. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम आर या डेटाबेस-संशोधन प्रकल्पात जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी ट्रान्झॅक्शन (एकतर पूर्ण होणारा किंवा अजिबात न होणारा बदलांचा गट) आणि रिकव्हरी (बिघाडानंतर डेटा सावरणं) यांचा पाया घातला. सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या ‘एरीज’ पद्धतीने त्याला नेमकं रूप दिलं. पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे लॉग हाताशी असले, की डेटाबेस हव्या त्या क्षणापर्यंत उभा करता येतो. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००५ मध्ये, ८.० आवृत्तीत आली.

पण तंत्र सुधारलं म्हणून माणसाचा भाग सुटला नाही. टँडम या संगणक कंपनीच्या यंत्रणा का बंद पडतात, हे ग्रे यांनी १९८५ मध्ये तपासलं. नोंदलेल्या बिघाडांपैकी ४२ टक्के यंत्रणा चालवण्यातले, जुळणीतले आणि देखभालीतले होते. हार्डवेअरचे फक्त १८ टक्के. १९८८ मध्ये रेडची (RAID, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र वापरण्याची) कल्पना मांडली गेली, पुढे रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर सतत अद्ययावत होणाऱ्या प्रती आल्या. दोन्ही उपयोगी आहेत, पण त्यांना बॅकअप समजणं घातक: चुकून दिलेली डिलीटची कमांड त्या तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचवतात.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामचा कोड साठवणाऱ्या सेवेत एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी पुसली गेली. रोजचे बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की ते तयारच होत नव्हते. सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअप घेणारी आज्ञावली ९.२ ची, आवृत्ती न जुळल्याने ती दर वेळी थांबत होती आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी एकाने स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची प्रत, घेतला होता. सेवा उभी राहिली ती त्यावरून; मधल्या सहा तासांचा डेटा गेला.