प्रजापतीची मुकी आहुती

वास्तुशांतीच्या किंवा मुंजीच्या होमाला बसलात तर एक गंमत कान देऊन ऐका. ‘अग्नये स्वाहा’, ‘सोमाय स्वाहा’ असं गुरुजींचं खणखणीत चाललेलं असतं, तूप अग्नीत पडत असतं आणि प्रजापतीची पाळी आली की आवाज एकदम आत जातो. आहुती पडते, देवतेचं नाव मात्र मनातल्या मनात. नवख्याला वाटतं, गुरुजी मंत्र विसरले.

विसरलेले नसतात. या गप्प बसण्यामागे शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं एक भांडण आहे. मन आणि वाणी यांच्यात श्रेष्ठ कोण, यावरून जुंपली. मन म्हणालं, मला कळल्याशिवाय तू एक अक्षर बोलत नाहीस, माझ्यामागून चालणारी तू. वाणी म्हणाली, तुला कळलेलं चारचौघांना कळतं ते माझ्यामुळे. निवाड्यासाठी दोघं प्रजापतीकडे गेली. त्याने मनाच्या बाजूने कौल दिला. वाणी दुखावली आणि म्हणाली, यापुढे तुझी आहुती मी वाहून नेणार नाही. तेव्हापासून प्रजापतीला जे द्यायचं ते ऐकू न येईल असं. हिंदू परंपरेतल्या मौनाची इतकी जुनी आणि इतकी घरगुती कथा माझ्या तरी माहितीत दुसरी नाही. रुसव्यातून आलेलं मौन!

यज्ञात मौन हे एक नेमून दिलेलं काम होतं. होता, अध्वर्यू, उद्गाता हे तीन ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, बोलत-गात असायचे. ब्रह्मा नावाचा चौथा ऋत्विज दक्षिणेकडे बसून फक्त लक्ष ठेवायचा. छांदोग्य उपनिषद (४.१६) म्हणतं, यज्ञाच्या दोन वाटा: एक वाणीची, एक मनाची. ब्रह्मा मध्येच बोलला तर एक वाट तुटते आणि यज्ञ एका पायाने चालणाऱ्या माणसासारखा, एका चाकाच्या रथासारखा कोलमडतो. बोलणाऱ्यांची चूक न बोलणाऱ्याने हेरायची आणि प्रायश्चित्ताची आहुती देऊन सांधायची, अशी ही व्यवस्था. सोमयागाची दीक्षा घेतलेला यजमानही वाणी आवरून बसे, आकाशात नक्षत्रं दिसेपर्यंत.

यज्ञमंडपाबाहेरचं मौन वेगळं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या केशीसूक्तात (१०.१३६) वाऱ्याची मेखला ल्यालेले, मळकी पिवळी वस्त्रं नेसलेले मुनी भेटतात. ‘मौनेय’ अवस्थेने धुंद होऊन वाऱ्यावर आरूढ झालो, असं ते म्हणतात. पुढे उपनिषदांत या दोन्ही धारा आत वळतात. जिथून वाणी मनासकट परत फिरते, असं तैत्तिरीय उपनिषद परब्रह्माबद्दल सांगतं. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य तर मौन आणि अमौन दोन्ही ओलांडायला सांगतो.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात (३.२.१७) एक गोष्ट दिली आहे. बाष्कलीने बाध्वाला विचारलं, ब्रह्म सांगा. बाध्व गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, सांगतोच आहे की, तुला कळत नाही. हा आत्मा उपशांत आहे. आता, तिसऱ्यांदा का होईना, बाध्वाला बोलावं लागलंच, ही यातली खोच मला फार आवडते.

याच खोचेभोवती नंतरचे ग्रंथकार फिरत राहिले. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात तपाच्या ओघात मौनाचे दोन प्रकार येतात: खुणेनेही मनातलं कळू न देणं ते काष्ठमौन, नुसतं न बोलणं ते आकारमौन. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाची वाटणी आहे आणि तिथे मौन वाणीच्या तपात नाही. वाणीचं तप म्हणजे कुणाला न टोचणारं, खरं, हिताचं बोलणं. मौन आहे मनाच्या तपात. मनुस्मृतीने तर ‘मौनात् सत्यं विशिष्यते’ म्हणत मौनाला सत्याखाली बसवलं. आणि आपण येताजाता फेकतो ते ‘मौनं सर्वार्थसाधनम्’? ते पंचतंत्रातलं. पोपट-मैना बोलतात म्हणून पिंजऱ्यात पडतात, बगळे गप्प राहतात म्हणून सुटतात. अध्यात्म नव्हे, व्यवहार आहे तो.

मराठीत ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शब्दाची आधी भरभरून थोरवी गायली आणि मग ‘शब्दखंडन’ प्रकरणात त्याची गरजच काढून घेतली. हेही पुन्हा ओव्यांतच.

विसाव्या शतकात मौनाला पाटी-पेन्सिल मिळाली. रमण महर्षी १८९६मध्ये, सोळाव्या वर्षी तमिळनाडूतल्या अरुणाचलाला आले आणि पुढची कित्येक वर्षं जवळजवळ बोललेच नाहीत. १९०२मध्ये शिवप्रकाशम् पिळ्ळै यांच्या प्रश्नांना त्यांनी लिहून दिलेल्या उत्तरांतून ‘नान् यार्’ (मी कोण?) हे छोटं पुस्तक उभं राहिलं. जन्माने इराणी जरथुश्त्री असलेले, पुण्याचे मेहेरबाबा हिंदू परंपरेच्या या नोंदीत काटेकोरपणे बसत नाहीत. तरी नगरजवळच्या मेहेराबादला १० जुलै १९२५ रोजी सुरू झालेलं त्यांचं मौन १९६९मध्ये देह ठेवेपर्यंत टिकलं. १९५४पर्यंत ते अक्षरफळ्यावर बोट ठेवून बोलत, नंतर हातवाऱ्यांनी.

गांधीजींचा मौनवार सोमवारचा. २ जून १९४७ला सोमवारच होता. माउंटबॅटन फाळणीची योजना समजावून देत होते आणि गांधीजी जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने उत्तरं लिहीत होते. तातडीच्या राजकीय बोलण्यासाठी व्रतात सूट ठेवली आहे, पण मी मौन सोडावं अशी तुमची इच्छा नाही हे मला ठाऊक आहे, हेही त्यांनी लिहूनच कळवलं. व्यासभाष्याच्या मापाने हे आकारमौन.

विनोबांनी पवनारला २५ डिसेंबर १९७४पासून वर्षभराचं मौन घेतलं आणि मध्येच आणीबाणी आली. त्या मौनातून ‘अनुशासन पर्व’ एवढे दोनच शब्द बाहेर पडले आणि सरकारने ते भिंती-भिंतींवर रंगवले. अनुशासन आचार्यांचं असतं, सत्तेचं ते शासन, हा खुलासा मौन सुटल्यावर आला. तोवर घोषणा झालेली होती.

या सगळ्यापासून दूर, घराघरांत मौन टिकलं ते ताटावर. चातुर्मासात मुक्याने जेवायचा नेम असे. ‘वदनी कवळ घेता नाम घ्या’ म्हणणाऱ्याच महाराष्ट्रात! श्रावणातल्या मंगळागौरीला पूजा झाली की नव्या नवऱ्यामुली मुक्याने जेवायला बसतात. मीठ हवं तर बोट दाखवायचं, हसू आलं तर ताटात बघायचं. जेवण झालं की तुळशीचं पान खाऊन मौन सोडतात आणि रात्री पहाटेपर्यंत फुगड्या, झिम्मा, उखाणे.