पानात चित्र नसतं, पत्ता असतो

वेबपानाची एचटीएमएल फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. फोटो टाकायचा तर त्यात आयएमजी हा टॅग, म्हणजे ब्राउझरसाठीची सूचना, लिहायचा आणि त्याच्या एसआरसी या गुणधर्मात फोटोच्या फाइलचा पत्ता द्यायचा. ब्राउझर आधी पान आणतो आणि वाचताना असा टॅग दिसला की त्या पत्त्यावर वेगळी मागणी पाठवतो. पानावर २० फोटो असतील तर २० मागण्या. मोझेक या सुरुवातीच्या ब्राउझरच्या मार्क अँड्रिसन यांनी १९९३ साली हा टॅग सुचवला, तेव्हापासून मूळ रचना तीच आहे. म्हणूनच मजकूर शाबूत आणि चित्राच्या जागी तुटक्या चौकटीची खूण, हा प्रकार घडतो.

आपल्या संगणकावर चित्र दिसतं आणि सर्व्हरवर, म्हणजे साइट पुरवणाऱ्या संगणकावर, चढवल्यावर दिसत नाही, ही नेहमीची तक्रार. एसआरसीमध्ये सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता आहे का, ते आधी पाहावं. तो पत्ता फक्त आपल्या संगणकावर खरा असतो. पानाच्या फाइलशेजारी चित्रांचा एक फोल्डर ठेवावा आणि पत्त्यात फोल्डरचं नाव, तिरकी रेघ (/), फाइलचं नाव एवढंच लिहावं. सर्व्हरवरही मांडणी तशीच ठेवली की पत्ता दोन्हीकडे चालतो.

दुसरा दगा कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा. विंडोजला दोन्ही सारखीच. बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, तिथे नावाच्या शेवटी कॅपिटल अक्षरांतलं जेपीजी असलेली आणि स्मॉल अक्षरांतलं जेपीजी असलेली या दोन वेगळ्या फाइली. कॅमेऱ्यातून आलेल्या नावांत कॅपिटल अक्षरं बरीचदा असतात. शिवाय विंडोज एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचा प्रकार सांगणारा भाग, सहसा लपवतं, त्यामुळे नाव बदलताना आपण हातानं जेपीजी लिहिलं तर ते दोनदा लागतं. नाव रोमन स्मॉल अक्षरांत, स्पेस न देता आणि शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन लिहिलं की यातल्या बहुतेक भानगडी टळतात. देवनागरी नावंही चालतात, पण पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाचे ३ बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह ३ खुणांत लिहिला जातो. ‘घर’ एवढ्याशा नावाला १८ खुणा! त्यात एखादी चूक शोधून दाखवा.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा ब्राउझरलाच विचारावं. एफ१२ दाबून नेटवर्क हा विभाग उघडावा, पान पुन्हा लोड करावं आणि चित्राच्या ओळीतला आकडा वाचावा. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. तिथला पत्ता टक्क्याचं चिन्ह, ई आणि २ असा सुरू होत असेल, तर वर्ड प्रोसेसरमधून कॉपी करताना साध्या अवतरणचिन्हांऐवजी वळणदार चिन्हं आली आहेत आणि ब्राउझरनं ती पत्त्यातच धरली आहेत. ४०३ म्हणजे फाइल द्यायला सर्व्हरचा नकार. लिनक्सवर फाइलची परवानगी सहसा ६४४ आणि फोल्डरची ७५५ लागते. दुसऱ्याच्या साइटवरच्या चित्राचा थेट पत्ता दिला असेल तरी ४०३ येऊ शकतं. अशी उधारी अनेक सर्व्हर मुद्दाम रोखतात, आणि बरोबरच आहे.

खरी गंमत आकडा २०० असूनही चित्र दिसत नाही तेव्हा असते. म्हणजे काहीतरी पोचलं, पण ते चित्र नाही. क्लाउडवरची ‘शेअर’ लिंक एसआरसीमध्ये टाकली की असं होतं: ती लिंक फोटो दाखवणाऱ्या पानाची असते, फोटोची नाही. आयफोनच्या एचईआयसी प्रकारातल्या फोटोफाइलला नुसतं जेपीजी नाव दिलं तरी बहुतेक ब्राउझरांत तेच. नाव बदलून आतला मजकूर बदलत नाही. फाइल खरोखर रूपांतरित करावी लागते. तिसरं कारण जुनं आहे, पण अजून भेटतं: एफटीपी या फाइली चढवण्याच्या जुन्या पद्धतीनं फाइल टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे साधा मजकूर समजून, चढवली जाणं. पीएनजी फाइलचे पहिले ८ बाइट ठरलेले असतात: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. यातले ८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. १३ आणि १० ही जोडी म्हणजे विंडोजमधली ओळ संपल्याची खूण. टेक्स्ट मोड ती लिनक्सच्या पद्धतीनं नुसती १० करून टाकतो. शेवटचा सुटा १० आहे तो उलट्या बदलाची, म्हणजे १०चे १३ आणि १० होण्याची, चोरी पकडायला. हे बिघाड पहिल्या ८ बाइटांतच उघडे पडावेत म्हणून पीएनजी रचणाऱ्यांनी हा सापळा मुद्दाम लावला. इलाज एकच: बायनरी मोडमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे ठेवून, पुन्हा चढवा.

चित्र दिसतं पण पान रखडतं, हे आकाराचं दुखणं. ४००० × ३००० पिक्सेलच्या फोटोत १.२ कोटी पिक्सेल. उघडल्यावर पिक्सेलमागे ४ बाइट धरले तर मेमरीत ४८ एमबी. टॅगमध्ये रुंदी ८०० लिहिली तरी फाइल आख्खीच येते. फोटो ८०० रुंदीत दाखवायचा असेल तर दाट पिक्सेलच्या स्क्रीनसाठी १६०० रुंदीचा करून घ्यावा, जेपीजीची गुणवत्ता ८०च्या आसपास ठेवावी. पिक्सेल सहा पटींहून जास्त घटतात. स्क्रीनशॉटसाठी मात्र पीएनजी घ्यावं. जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे करून बारीक तपशील गाळतं. फोटोत ते खपून जातं, अक्षरांच्या कडांना मात्र मळ साचल्यासारखा दिसतो.

टॅगमध्ये रुंदी आणि उंची तरीही लिहावीच, म्हणजे ब्राउझर आधीच जागा राखतो आणि वाचता वाचता मजकूर खाली उडी मारत नाही. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के दिली असेल तर उंची ‘ऑटो’ ठेवावी. नाहीतर मोबाइलवर रुंदी आक्रसते, उंची तशीच राहते आणि माणसं बांबूसारखी लांब दिसतात. टॅगच्या ऑल्ट या गुणधर्मात चित्राचं एका वाक्यात वर्णन द्यावं. दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर तेच वाचून दाखवतो आणि चित्र आलं नाही तर वाचकालाही तेच दिसतं.

चढवण्याआधी फोटोतली एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेऱ्यानं फाइलमध्ये केलेल्या नोंदी, काढून टाकावी, कारण फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश तिच्यात असू शकतात. पण फोटो उभा की आडवा, याची नोंदही तिथेच असते. आधी एखाद्या प्रोग्रॅममध्ये फोटो सरळ करून सेव्ह करावा आणि मग माहिती पुसावी, नाहीतर तो आडवा होऊन बसतो. दुरुस्त फोटो चढवल्यावरही जुनाच दिसत राहिला, तर ब्राउझरनं साठवलेली प्रत समोर येते आहे. कंट्रोल आणि एफ५नं ती फक्त आपल्यापुरती हटते; वाचकांनाही नवा दिसायला हवा असेल तर फाइलचं नाव बदलून एसआरसीमध्ये ते नवं नाव लिहावं.