मुलींमधील सामाजिक आक्रमकता

मैत्री, गटातले स्थान किंवा चारचौघींतली पत यांवर घाव घालून एखादीला दुखावण्याची वागणूक. डबा खाताना जागा न देणे, एकीला सोडून सगळ्यांना वाढदिवसाला बोलावणे, अबोला धरणे, विश्वासाने सांगितलेले गुपित वर्गभर करणे, ‘तिच्याशी बोललीस तर आपली कट्टी’ असे बजावणे ही तिची नेहमीची रूपे. आता एकीला वगळून काढलेले व्हॉट्सॲप ग्रुप आणि फिरवलेले स्क्रीनशॉटही आले. त्यामुळे शाळा सुटली तरी त्रास सुटत नाही.

दोन दिवसांची कट्टी मात्र यात मोडत नाही. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत. इथे तिसरी खूण निर्णायक ठरते. भांडणात दोघींनाही बोलता येते. छळात एकीच्या पाठीशी गट असतो आणि दुसरीचे म्हणणे ऐकायला कोणी नसते. म्हणूनच दोघींना समोरासमोर बसवून ‘सॉरी म्हणा, हात मिळवा’ हा शाळेतला सर्रास उपाय बहुधा अंगलट येतो. बाईंसमोर हात मिळतात आणि ‘चुगली केलीस’ म्हणून वर्गात पुन्हा सूड उगवला जातो.

फिनलंडमध्ये १९८८ साली कर्स्टी लागरस्पेट्झ, काय ब्यर्कविस्ट आणि सहकाऱ्यांनी ११-१२ वर्षांच्या मुलामुलींच्या अभ्यासातून या अप्रत्यक्ष मार्गांकडे लक्ष वेधले. १९९५ मध्ये अमेरिकेत निकी क्रिक व जेनिफर ग्रॉटपीटर यांनी, असे वागणाऱ्या मुलांमध्येही एकटेपणा व उदासी अधिक आढळते, असे दाखवले. ‘मुली मुळातच कुचक्या’ हा समज मात्र टिकत नाही. १४८ अभ्यासांचा २००८ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मारामारीत मुलगे स्पष्टपणे पुढे दिसले, पण अप्रत्यक्ष आक्रमकतेत मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला. मुलींच्या बाबतीत ती अधिक नजरेत भरते. त्यांना उघड राग दाखवायची मुभा कमी असते, हेही एक कारण असावे.

उपायांची खरी जागा बघ्यांमध्ये आहे. फिनलंडमधील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये दाखवले की वर्गातली बहुतेक मुले छळात कुठली ना कुठली भूमिका बजावतात: कोणी साथ देते, कोणी हसते, कोणी गप्प राहते, थोडी मुले बाजू घेतात. या विचारावर फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम उभा राहिला. त्यात पीडित मुलाशी आणि त्रास देणाऱ्यांशी शिक्षक आधी वेगवेगळे बोलतात, आणि वर्गात मान असलेल्या काही मुलांना पीडिताला आधार देण्यास सांगितले जाते.

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यात मानसिक इजा, भीती आणि लाज यांचाही समावेश आहे; मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. घरी ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला टाळावा, कारण मुलीला तो ‘तुझे दुःख खोटे’ असाच ऐकू येतो. काय झाले ते शांतपणे ऐकून घ्यावे, तारखा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, वर्गशिक्षकांना भेटावे, आणि खेळ, नाच किंवा वाड्या-सोसायटीतल्या मैत्रिणी अशी शाळेबाहेरची एखादी सोबत तिला मिळेल असे पाहावे.